आहाराचे गणित (लेखांक 6) : मूठभर दाणे आणि वाटीभर दाणे

ज्या पदार्थाच्या थोड्याशा वजनात पुष्कळ उष्मांक सामावलेले असतात त्याला आहारशास्त्रात ऊर्जाघन पदार्थ म्हणतात, आणि दर ग्रॅममागे मिळणाऱ्या उष्मांकांच्या प्रमाणाला ऊर्जाघनता अशी संज्ञा आहे. काकडीच्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम 15 उष्मांक असतात, पेरूमध्ये 70च्या आतबाहेर, तर शेंगदाण्यांमध्ये सुमारे 565, बदामात 580 आणि अक्रोडात 650. सुक्या खोबऱ्याचा आकडाही अक्रोडाच्याच शेजारी बसतो. या तफावतीचे कारण दोन घटकांत आहे. मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून 9, तर प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅमपासून प्रत्येकी 4 उष्मांक मिळतात आणि पाण्यापासून काहीच मिळत नाही; काकडीत शंभरातले 95 भाग पाणी असते, तर शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असते आणि पाणी नावापुरते. त्यामुळे 170 उष्मांकांसाठी पेरू खायचे झाले तर ते पाव किलो लागतील, काकड्या किलोहून अधिक लागतील, शेंगदाणे मात्र 30 ग्रॅमच पुरतील. साठ किलो वजनाच्या माणसाला तेवढे उष्मांक चालून खर्च करायचे असतील तर साधारण पाऊण तास झपझप चालावे लागते, आणि ते खाण्यास लागलेला वेळ एक-दोन मिनिटांचा असू शकतो.

असे असूनही वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बहुतेक आहारतक्त्यांत संध्याकाळच्या रकान्यात शेंगदाणे, बदाम, अक्रोड, फुटाणे, मखाणे हेच पदार्थ दिसतात, आणि त्यांच्यापुढे लिहिलेले ‘मूठभर’ हे माप वाचणाऱ्याच्या नजरेतून बहुधा निसटते. तक्त्यात नाव आले म्हणजे पदार्थ निर्धोक, आणि निर्धोक म्हणजे हवा तेवढा, अशी समजुतीची साखळी तयार होते. हा सारा गोंधळ ‘पौष्टिक’ या एका शब्दाने वाढवलेला आहे. मराठी घरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या अंग भरून आणणाऱ्या अन्नासाठी वापरला गेला. बाळंतिणीला दिले जाणारे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, कोल्हापूरच्या तालमीतील पैलवानाची बदाम घातलेली थंडाई, आजारातून उठलेल्याला दिलेले खारीक-खोबरे हे सारे पौष्टिक होते ते ज्याला जास्त ऊर्जेची गरज आहे त्याला ती थोडक्या घासांत मिळावी म्हणूनच. चाळीस ग्रॅमचा एक डिंकाचा लाडू, म्हणजे तुपात तळलेला डिंक, खारकेची पूड, खोबरे, खसखस आणि गूळ यांचा मुठीत मावणारा गोळा, 200 उष्मांकांच्या आसपास जातो, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी तो योग्यही आहे. शब्दाचा अर्थ मात्र गेल्या काही दशकांत सरकला. जे तळलेले नाही, मैद्याचे नाही आणि साखरेचे नाही ते पौष्टिक, आणि जे पौष्टिक ते वजन उतरवणारे, असा नवा अर्थ त्याला चिकटला. आजीच्या काळी वजन वाढवण्यासाठी बांधले जाणारे लाडूच आता वजन घटवण्यासाठी खोक्यात भरून विकले जातात, आणि विकणाऱ्याला त्यासाठी लाडवाची कृतीसुद्धा बदलावी लागलेली नाही.

यावरून हे पदार्थ आहारातून काढून टाकावेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्पेनमध्ये हृदयविकाराच्या संदर्भात झालेल्या ‘प्रेडिमेड’ या मोठ्या अभ्यासात सुमारे साडेसात हजार व्यक्ती होत्या आणि त्यांतील एका गटाला रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट दिले जात होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा शोधनिबंध सहभागींच्या गटवाटणीतील त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला आणि 2018 मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला, हे नोंदवणे आवश्यक आहे. परंतु या सुकामेव्यामुळे त्या गटाचे वजन वाढल्याचे काही आढळले नाही, जरी त्यांना उष्मांक मोजून खाण्यास सांगितलेले नव्हते. याचे एक स्पष्टीकरण तृप्तीचे आहे. तृप्ती म्हणजे एका खाण्यानंतर पुढील खाण्यापर्यंत टिकणारी भूक नसल्याची जाणीव; स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि तंतू हे तिन्ही एकत्र असलेले अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे ती जाणीव लांबते आणि पुढच्या जेवणातील काही घास आपोआप कमी होतात. दुसरे स्पष्टीकरण अधिक रंजक आहे आणि स्वयंपाकघराशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे.

पाकिटावर छापलेला उष्मांकांचा आकडा ज्या 9-4-4 या गुणकांवरून काढला जातो, ते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले आहेत आणि ते सरासरीचे गुणक आहेत. तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ सारखाच पचतो असे ते गृहीत धरतात. दाण्यांच्या बाबतीत हे गृहीतक डळमळते. शेंगदाण्यातील किंवा बदामातील तेल मोकळे नसते. ते सूक्ष्म पेशींमध्ये बंद असते आणि त्या पेशींच्या भिंती अशा तंतूंच्या बनलेल्या असतात की माणसाचे पाचकरस त्या विरघळवू शकत नाहीत. दात ज्या पेशी फोडतात त्यांतील तेल शरीराला मिळते, आणि ज्या पेशी अखंड गिळल्या जातात त्यांतील बरेचसे तेल तसेच बाहेर टाकले जाते. लेव्हिन आणि सिल्व्हिस या अमेरिकी संशोधकांनी 1980 मध्ये हे शेंगदाण्यावरच तपासून पाहिले होते. सहभागींना अख्खे शेंगदाणे दिले तेव्हा आहारातील सुमारे 18 टक्के स्निग्धांश मलावाटे बाहेर पडला. दाण्याचे लोणी, म्हणजे पीनट बटर, दिले तेव्हा 7 टक्के, आणि शेंगदाणा तेल दिले तेव्हा अवघा साडेचार टक्के. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी पुढे बदामावर असेच काम केले, तेव्हा कच्च्या अख्ख्या बदामापासून प्रत्यक्षात मिळणारी ऊर्जा ग्रॅममागे सुमारे 4.4 उष्मांक, भाजलेल्या बदामापासून 4.9 आणि वाटून लोणी केलेल्या बदामापासून 6.5 इतकी भरली. बदाम तेच, वजन तेच, पण यंत्राने दातांचे काम आधीच उरकले की शरीराच्या पदरात जास्त पडते. अर्थात या सवलतीच्या भरवशावर कोणी वाटीभर बदाम खाल्ले तर ते गणित लगेच अंगाशी येते. सूट पाव भागाची आहे आणि वाटी तिप्पट-चौपट मोठी.

महाराष्ट्रातील स्वयंपाकात शेंगदाणा चार रूपांत येतो, आणि खाण्यावर नैसर्गिकपणे बसणारा लगाम या चारही रूपांत एकेक करून सुटत जातो. पहिले रूप भाजलेल्या किंवा उकडलेल्या शेंगेचे. शेंगेच्या चोचीशी अंगठ्याने दाब द्यावा लागतो, टरफल उकलावे लागते, आतले दोन-तीन दाणे काढून लाल साल चोळावी लागते, मधूनच एखादी पोचट शेंग हाती येते आणि एखादा कडवट दाणा थुंकून टाकावा लागतो. निर्यातीच्या बाजारात शेंगदाण्याची प्रतवारी एका औंसात, म्हणजे सुमारे 28 ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात यावरून होते आणि 50 ते 60 दाण्यांची प्रत सर्रास चालते. त्या हिशेबाने 30 ग्रॅम दाण्यांसाठी पंचवीस-तीस शेंगा फोडाव्या लागतील, आणि त्यात आठ-दहा मिनिटे सहज जातील. पोट भरल्याचा निरोप आतड्यातील संप्रेरकांकडून मेंदूपर्यंत पोचण्यास वेळ लागतो आणि शेंग नेमका तो वेळ मिळवून देते. शिवाय समोर टरफलांचा ढीग साचत जातो. लोकमान्य टिळकांच्या शाळेतील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत टरफले हा न केलेल्या गुन्ह्याचा पुरावा ठरतो. येथे ती केलेल्या खाण्याची चोख नोंद असतात. अमेरिकेत पिस्त्यांवर झालेल्या एका लहान अभ्यासात कवचासह पिस्ते मिळालेल्या विद्यार्थ्यांनी सोललेले पिस्ते मिळालेल्यांपेक्षा सुमारे 40 टक्के कमी उष्मांक खाल्ले आणि तरी त्यांचे समाधान तेवढेच झाल्याचे आढळले. काजूला मात्र ही सोय नाही, कारण त्याच्या टरफलातील चीक कातडी भाजून काढणारा असल्याने काजू घरोघरी फोडून खाता येत नाही आणि कारखान्यातून तो गुळगुळीत, पांढरा आणि विनाअडथळा असाच बाहेर येतो. सुकामेव्यात हाताला सर्वात लवकर सरावणारा पदार्थ काजूच असतो, यात आश्चर्य नाही.

शेंगेनंतरचे दुसरे रूप सोललेल्या, खारवलेल्या दाण्यांचे, आणि ‘येता-जाता तोंडात टाकणे’ हा वाक्प्रयोग जणू त्यासाठीच घडलेला आहे. या रूपात शेंगेचा वेळ जातो, टरफलांची नोंद जाते, राहते ते फक्त चावणे. तिसरे रूप कुटाचे, आणि त्यात चावणेही संपते. कूट हा महाराष्ट्राच्या, विशेषतः देशावरील, स्वयंपाकातील असा घटक आहे की तो खाल्ला गेल्याची कोणी दखलच घेत नाही. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत तो चमच्याने पडतो आणि प्रत्येक मोठ्या चमच्यामागे 40-45 उष्मांक घेऊन येतो. कोशिंबिरीतील काकडीपेक्षा तिच्यावरच्या कुटाचे उष्मांक जास्त असणे ही नेहमीची गोष्ट आहे. उपवासाच्या दिवशी तर कूट हाच मुख्य आधार असतो. एका माणसापुरत्या साबुदाण्याच्या खिचडीत 60 ग्रॅम साबुदाण्याचे सुमारे 210, पाव वाटी कुटाचे 140 आणि मोठ्या चमचाभर तुपाचे 130 उष्मांक धरले तर बटाटा व दही सोडूनच बेरीज पाचशेच्या जवळ पोचते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उष्मांक हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधीची आहे, पण तिचा हिशेब अचूक आहे. चौथे रूप तेलाचे; त्याच्याकडे शेवटी येऊ.

मात्रेचा प्रश्न सुटतो तो भांड्याशी. मनाशी ठरवलेली मर्यादा डब्याचे झाकण उघडे असेपर्यंत टिकत नाही, याचा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधण्यापेक्षा मापाचा दोष शोधणे अधिक उपयोगाचे आहे. घराघरांत आमटीसाठी वापरली जाणारी स्टीलची वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची असते. तीत शेंगदाणे भरले तर ते 90 ते 95 ग्रॅम भरतात आणि पाचशेहून अधिक उष्मांक होतात. त्याच वाटीत चुरमुरे भरले तर त्यांचे वजन पंधरा ग्रॅमच्या आत राहते आणि उष्मांक साठाच्या पुढे जात नाहीत. आता उष्मांकांच्या छापील कोष्टकात पाहिले तर चुरमुऱ्यांपुढे 100 ग्रॅमला चारशेच्या जवळपासचा आकडा दिसतो, आणि तो वाचून चुरमुरे टाळणारी आणि दाणे जवळ करणारी व्यक्ती आकडे बरोबर वाचूनही चुकीच्या वाटीपाशी पोचते. कोष्टके वजनावर चालतात, डोळा आकारमानावर चालतो, आणि घरात वजनकाटा क्वचितच असतो. म्हणून हाताची मापे अजूनही उपयोगी आहेत, मात्र ती नीट पारखून घ्यावी लागतात. बंद मुठीत मावतील एवढे दाणे प्रौढ माणसाच्या हाताने 30 ग्रॅमच्या आसपास येतात. तोच हात उघडा धरून पसाभर घेतले की माप दीडपट-दुप्पट होते, आणि दोन हातांची ओंजळ केली तर मुठीशी त्याचा काही संबंधच राहत नाही. एकदा स्वयंपाकघरातील किंवा किराणा दुकानातील काट्यावर 30 ग्रॅम तोलून ते कोणत्या लहान वाटीत बसतात हे पाहून ठेवले आणि पुढे तीच वाटी वापरली, तर रोज मोजत बसण्याची गरज उरत नाही. बदामाच्या बाबतीत हे काम मोजणीनेही होते, कारण 28 ग्रॅममध्ये साधारण 23 बदाम येतात. अक्रोडाच्या अर्ध्या फाका तेवढ्याच वजनात चौदा.

मखाण्याचे उदाहरण येथे बोधक आहे, कारण त्याची ख्याती हलकेपणाची आहे आणि ती निम्मी खरी आहे. लाहीसारखे फुललेले असल्याने 30 ग्रॅम मखाणे मोठा वाडगा भरून होतात आणि त्यांचे उष्मांक शंभराच्या थोडेसे वर जातात. पण कोरडे मखाणे घशाखाली उतरत नाहीत म्हणून ते तुपावर परतले जातात, आणि दोन लहान चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, तूप त्यांनी शोषून घेतले की वाडग्यात 90 उष्मांकांची भर पडते. मूठभर शेंगदाणे जड म्हणून नाकारून त्याऐवजी घेतलेला हा वाडगा शेवटी शेंगदाण्यांच्याही पुढे जातो. फुटाणे या बाबतीत प्रामाणिक आहेत. त्यांत तेल अल्प असते, प्रथिने पाचव्या हिश्शाहून अधिक असतात, सालासकट खाल्ले तर तोंड पुरेसे दमते, आणि बकाणा भरला की पाणी प्यावेच लागते.

खजुराचे लाडू, चिक्की आणि बाजारातील ‘एनर्जी बार’ यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. गुळाचे उष्मांक 100 ग्रॅमला 380च्या घरात आणि साखरेचे 400च्या आसपास असल्याने गूळ घातला म्हणून वजनाच्या दृष्टीने काही मोठे साधत नाही. खजुरातील साखर ही फळाची असली आणि तिच्यासोबत तंतू येत असले तरी खजूर वाटून, त्यात काजू-बदामाचा भरडा मिसळून वळलेला लाडू दोन घासांत संपतो. ‘साखर घातलेली नाही’ या पाकिटावरील वाक्यातून उष्मांकांविषयी काहीही कळत नाही. त्याच पाकिटाच्या मागील बाजूस पोषणमूल्यांचा तक्ता असतो, आणि तो वाचताना 100 ग्रॅमचा आकडा व एका वाढपाचा आकडा यांतील फरक पाहून पाकिटात एकूण किती वाढपे आहेत हे तपासावे लागते. दीडशे ग्रॅमच्या पाकिटावर 30 ग्रॅमचे वाढप छापलेले असेल, तर त्या पाकिटात पाच दिवसांचे खाणे आहे, मग ते एका बसमध्ये किंवा एका सामन्याच्या वेळात संपत असले तरीही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आणि बदलीचा आहे. मधल्या वेळचे खाणे वजन घटवण्यास मदत करते ते दुसऱ्या कशाची तरी जागा घेत असेल तरच. शहरांतील नोकरदाराचे दुपारचे जेवण एकच्या सुमारास होते, घरी पोचून रात्रीचे जेवण साडेनऊला होते, आणि मधल्या आठ तासांत चहासोबत बिस्किटे, फरसाण किंवा स्टेशनबाहेरचा वडापाव यांपैकी काहीतरी पोटात जातेच. त्या जागी पाच-साडेपाचला मूठभर दाणे किंवा फुटाणे आणि एखादे फळ आले, तर त्या वेळचे उष्मांक घटतात आणि रात्री भुकेने ताटावर तुटून पडणेही टळते. तोच मूठभर ऐवज आधीच्या खाण्यात काही कमी न करता, केवळ तो आरोग्याला चांगला म्हणून, सकाळी भिजवलेले बदाम, अकराला अक्रोड आणि रात्री दुधात काजूची पूड अशा हप्त्यांनी वाढवला गेला, तर रोज तीन-साडेतीनशे उष्मांकांची भर पडते, आणि वजन उतरवण्यासाठी आहारात सामान्यतः सुचवली जाणारी 300 ते 500 उष्मांकांची कपात त्यात जवळजवळ पूर्ण बुडते. अशा घरात कोणी अरबट-चरबट खात नसते, तरी काटा हलत नाही आणि दोष मग थायरॉइडला किंवा वयाला दिला जातो. फळाची जोड येथे मुद्दाम सुचवली आहे: ऊर्जाघन पदार्थ जठर ताणत नाही, पाणीदार फळ ते काम करते, आणि दोघे मिळून जे साधतात ते एकट्याने साधत नाही.

काही अपवाद सांगणे भाग आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम वा फॉस्फरस मोजून घ्यावे लागणाऱ्यांना हे विवेचन लागू नाही. लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोका असतो. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेल्या दाण्यांतील मीठ लक्षात घ्यावे. बुरशी आलेला किंवा चवीला कडू लागणारा दाणा काटकसर म्हणूनही खाऊ नये, कारण दमट साठवणुकीत वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

राहिले चौथे रूप. घाण्यावर शेंगदाणा दळला की तेल एकीकडे आणि पेंड दुसरीकडे होते. प्रथिने आणि तंतू पेंडीबरोबर बहुधा गुरांच्या गव्हाणीत जातात आणि माणसाच्या वाट्याला केवळ तेल येते. फोडणीत पडणाऱ्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 14 ग्रॅम तेल असते, म्हणजे जवळजवळ मूठभर शेंगदाण्यांतील सारे तेल, पण ते सोलावे लागत नाही, चावावे लागत नाही, आणि पेशींच्या भिंतींत अडकून बाहेरही जात नाही. संध्याकाळचे दाणे मोजून घेणाऱ्या घरातील कढईत मात्र तेल बुधलीतून किंवा पळीने, अंदाजानेच पडते, आणि त्या पळीत चमचे किती मावतात हे सहसा कोणी पाहिलेले नसते. पुढील लेखांक त्या पळीविषयी आहे.